दोन पुस्तकांची वर्गणी: ललित आणि ललितेतर एकत्र कसं वाचावं

‘चौफेर वाचा’ असं सांगणाऱ्यांना तोटा नाही. सांगून झालं की ते हातात शंभर पुस्तकांची यादी ठेवतात, नाहीतर वर्षाला बावन्न पुस्तकांचं लक्ष्य देतात. दोन्ही बाजूला ठेवा. यादी दुसऱ्याच्या आवडीची असते. आणि आकडा गाठायचा म्हटलं की माणूस नकळत दीडशे पानांची सडपातळ पुस्तकंच उचलायला लागतो.

अडचण पुस्तकं न सापडण्याची नसतेच. कादंबऱ्या भराभर वाचणारा माणूस मोठ्या उमेदीनं इतिहासाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक आणतो आणि दुसऱ्या प्रकरणात रुततो. ते पुस्तक उशाशी धूळ खातं, मुदत उलटते, दंड भरून परत जातं आणि पुन्हा कादंबरी येते. खाली या रुतण्यावरच जास्त लिहिलं आहे. बाकीचं पटकन उरकू.

वर्गणी

एका वेळी दोन पुस्तकं मिळतील अशीच वर्गणी भरा. एक पुस्तक ललित, म्हणजे कथा-कादंबरी, एक ललितेतर, म्हणजे इतिहास, विज्ञान, चरित्र असं काही, आणि दोन्ही एकाच वेळी चालू. ‘ही कादंबरी संपली की मग ते’ असं ठरवलं की ‘ते’ कधीच येत नाही.

ठाणेकरांना स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली उभं केलेलं. नवी मुंबईत आपल्या नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगरात, चौकशी करा, पण पाटीवर ‘वाचनालय’ आणि आत नुसती स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असंही निघतं, तेव्हा पुस्तकं घरी देतात का ते आधी विचारा. जिथे कपाटांपाशी स्वतः जाता येतं ते वाचनालय पसंत करा. खिडकीतून नाव सांगून पुस्तक मागायचं असेल, तर माणूस माहीत असलेलीच नावं सांगतो. कपाटांपाशी गेलात की ‘संकीर्ण’ लिहिलेल्या फळीसमोर पाच मिनिटं थांबा. वर्गीकरणात कुठेच न बसलेली पुस्तकं तिथे येऊन पडतात, आणि बरीच चांगली असतात.

आपला वेग मोजा

घड्याळ लावून वीस मिनिटं कादंबरी वाचा, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं ललितेतर. समजा कादंबरीची चौदा पानं झाली आणि दुसऱ्याची सात. मग रोज चाळीस मिनिटं दिली तर ललितेतराची चौदा पानं होतात, म्हणजे पंधरा दिवसांच्या मुदतीत साधारण दोनशे. साडेचारशे पानांचा ग्रंथ आणलात तर तो त्या मुदतीत संपणार नाही, हे गणित आणतानाच दिसतं. वेग निम्मा असणं हा दोष नाही. त्यात लाज वाटून भरभर पानं उलटणं हा आहे.

कोणतं कुठे वाचायचं

ललितेतर सकाळी किंवा बसून, कादंबरी रात्री. सकाळी साडेआठच्या ठाणे-मुंबई फास्ट लोकलमध्ये उभ्यानं जाडजूड पुस्तक वाचण्याचा हट्ट धरू नका. एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात चारशे पानं, मनगट दुखण्यापलीकडे काही साधत नाही. तिथे कथासंग्रह न्या. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांचं बरं आहे. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यालाच सुरू होते. एक सोडून दुसरी पकडली तर बसायला मिळण्याची आशा असते, आणि वाशीपर्यंतच्या अर्ध्या तासात ललितेतराचा एक सलग भाग होतो. जून ते सप्टेंबर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, हे सांगायला नकोच.

ललितेतर पुस्तक: इथेच गाडी अडते

कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची असते, कारण ती तुम्हाला ओढत नेते. पुढे काय झालं हा प्रश्न तीच तुमच्या मनात पेरते. ललितेतर पुस्तक बहुधा तसं करत नाही, तिथे प्रश्न तुम्ही घरून न्यायचा असतो. रिकाम्या हातानं गेलात की पहिलं प्रकरण व्याख्यांचं, दुसरं पूर्वपीठिकेचं, आणि तिसऱ्याच्या आत तुम्ही झोपलेले. त्यावर ‘जिद्दीनं वाचत राहा, पुढे रस येतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जिद्दीनं डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही जात नाही, आणि ‘आपल्याला असलं झेपत नाही’ ही समजूत तेवढी पक्की होते.

त्याऐवजी असं करा. पुस्तक आणण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर एक प्रश्न लिहा, एका ओळीत मावेल असा. ‘मला रेल्वेचा इतिहास समजून घ्यायचा आहे’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. प्रश्न असा हवा: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच का आली?

आता रेल्वेच्या इतिहासाचं पुस्तक हातात घ्या. सुरुवातीला इंग्लंड आणि वाफेचं इंजिन असेल. ते सोडा. अनुक्रमणिकेत ठाणे, कल्याण, घाट, कापूस यांपैकी काय दिसतं ते बघा. घाटावरचं प्रकरण सापडलं की तिथून सुरुवात करा. दहा-पंधरा पानांत उलगडायला लागतं की ठाणे हा मुक्काम नव्हताच, वाटेतला टप्पा होता. १८५४ ला लोहमार्ग कल्याणला पोचला, १८६३ ला भोर घाट ओलांडला, १८६५ ला थळ घाट. ओढ होती ती घाटापलीकडच्या कापसाची, तो मुंबई बंदरात आणून इंग्लंडच्या गिरण्यांना पुरवायचा होता.

मग पुढचा प्रश्न आपसूक येतो: या कापसाचं पुढे काय झालं? शोधत गेलात की अमेरिकेतलं यादवी युद्ध लागतं, १८६१ ते १८६५. तिथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात शेअरबाजाराचं वेड पसरलं आणि युद्ध संपताच १८६५ ला सगळं कोसळलं. ठाणे स्टेशनावरचा एक प्रश्न घेऊन निघालात आणि अभियांत्रिकी, अर्थकारण, अमेरिका एवढं फिरून आलात. आता पहिलं प्रकरण वाचावंसं वाटलं तर वाचा, नाही वाटलं तर नका वाचू. कुणी तपासायला येत नाही.

नवी मुंबईकरांना प्रश्न दाराशीच मिळतात. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला स्थापन झाली. सेक्टरांच्या आखीव चौकटीत मध्येच गावठाणाच्या वेड्यावाकड्या गल्ल्या का उरल्या, आणि ‘साडेबारा टक्के’ म्हणजे नेमकं कशाचे? या एका प्रश्नातून नगररचना, जमीन संपादनाचा कायदा आणि आगरी-कोळी समाजाचा इतिहास अशा तीन फळ्या उघडतात. विज्ञानाची धास्ती असेल तर खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गुलाबी का असतात इथून सुरू करा. त्यांच्या खाण्यातल्या शेवाळ-कोळंबीतल्या रंगद्रव्यापर्यंत गेलात की जीवरसायनाच्या उंबऱ्यावर पोचता. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ते का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

नव्या विषयात शिरण्याआधी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचा. त्याचा पहिला खंड १९७६ चा, आता सगळे खंड संकेतस्थळावर फुकट आहेत. मजकूर अंमळ कोरडा आहे, पण दहा मिनिटांत त्या विषयातले पाच-सहा शब्द ओळखीचे होतात, आणि अनोळखी शब्दांनीच तर पहिल्या वीस पानांत दम काढलेला असतो.

पुस्तक उचलताना आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, मुखपृष्ठाच्या आतलं प्रकाशनाचं पान. ‘पुनर्मुद्रण २०२२’ ठळक छापलेलं असतं, पण तुम्हाला प्रथमावृत्तीचं साल हवं. इतिहास, चरित्र, प्रवासवर्णन जुनं असलं तर चालतं, पुष्कळदा बरंच असतं. आनुवंशिकता, मेंदू, हवामान यांवरचं पुस्तक मूळ १९८५ चं असेल तर परत फळीवर ठेवा, कागद कितीही कोरा असो.

दुसरी गोष्ट अनुवादाची, आणि इथे माझं मत कडक आहे. रुतलेल्या वाचकांतल्या पुष्कळांना पुस्तक जड नसतं, अनुवाद वाईट असतो, आणि बिचारे स्वतःलाच दोष देत बसतात. चाचणी सोपी आहे. पन्नासावं पान उघडा आणि एक परिच्छेद ओठ हलवत वाचा. ‘या प्रक्रियेच्याद्वारे पेशींच्या विभाजनास चालना दिली गेल्याचे निदर्शनास येते’ अशी वाक्यं आली तर पुस्तक मिटा. अनुवादकाला म्हणायचं होतं, ‘यामुळे पेशी विभागू लागतात.’ एका पानात तीन ठिकाणी ‘च्याद्वारे’ आणि चार ठिकाणी ‘केले गेले’ दिसलं, की त्या पुस्तकाशी लढण्यात अर्थ नाही. त्याच विषयावर मूळ मराठीत लिहिलेलं साधंसं पुस्तक शोधा, नाहीतर जमत असेल तर सरळ इंग्रजी वाचा.

पुस्तकाच्या शेवटी सूची, म्हणजे कोणता विषय कोणत्या पानावर ते सांगणारी यादी, असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण पुष्कळ मराठी पुस्तकांत ती नसतेच, मग आपली आपण करायची. प्रश्न लिहिलेली चिठ्ठीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा आणि तिच्या मागे पानाचा आकडा व दोन शब्द लिहीत जा: ‘११२ घाटातले मजूर’, ‘१४० कापसाचे भाव’. पाच-सात नोंदी पुरे. वहीभर टिपणं काढायला लागलात तर वाचन थांबतं आणि अभ्यास सुरू होतो, मग पंधरा दिवसांत दोन्ही थांबतं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनंही खुणा नकोत. तुमच्या अधोरेखिताखाली दबलेलं वाक्य पुढच्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

सोडायचं कधी? कादंबरीला साठ पानं द्या. ललितेतराला पानं मोजू नका. तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची दोन प्रकरणं वाचा, आणि तरी हाती काही लागलं नाही तर परत करा. ते पुस्तक तुमच्या प्रश्नाचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

उलट्या बाजूनं येणाऱ्यांसाठी

ज्यांना इतिहास-चरित्रं चालतात पण कादंबरी वेळेचा अपव्यय वाटते, त्यांनी सहाशे पानांच्या कादंबरीनं सुरुवात करू नये. कथासंग्रह घ्या. कादंबरीत नावांचा गोंधळ होत असेल तर खुणेच्या चिठ्ठीवर पात्रं आणि नाती लिहा. ‘हा कुणाचा मेव्हणा’ यातच निम्मे वाचक गळतात. आणि कादंबरीची प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडे प्रस्तावनाकार शेवटापर्यंतचं कथानक सांगून मोकळे होतात. ललितेतराचं मनोगत मात्र आधी वाचा. पुस्तक कोणासाठी आणि का लिहिलं ते तिथेच कळतं. कथा वाचताना ‘यातून काय शिकलो’ असं स्वतःला विचारू नका. त्या प्रश्नानं चांगल्या कथेचीही धड्याखालची प्रश्नोत्तरं होतात.

जोडी लावताना

दोन्ही पुस्तकं एकाच विषयावरची आणू नका, निदान एकाच वेळी तरी नको. कापसावरचा इतिहास चालू असताना गिरणगावातली कादंबरी आणली की दोन्हींतले तपशील एकमेकांत मिसळतात, आणि कुठलं घडलेलं, कुठलं रचलेलं हे महिन्याभरानं सांगता येत नाही. इतिहास संपला, मग ती कादंबरी. त्या वेळी दुसऱ्या हातात रोहित किंवा साडेबारा टक्के.

जड-जडही नको. ललितेतर चारशे पानांचं असेल तर सोबत कथा, आणि खंडाएवढी कादंबरी असेल तर सोबत शंभर पानांचं प्रवासवर्णन. कादंबरीला ‘अभ्यास झाल्यावरचा खाऊ’ करू नका. तसं केलं की ललितेतर कायमचं शिक्षा होऊन बसतं.

दिवाळी अंक

दिवाळीनंतर बरीच वाचनालयं थोड्या जादा वर्गणीत दिवाळी अंकांची योजना चालवतात. ती घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ ला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, लेख, प्रवास असा सगळा ऐवज एका वेष्टनात मिळतो आहे. एका अंकामागे एक अट ठेवा: अनुक्रमणिकेत ज्या लेखाचं शीर्षक बघून तुम्ही पान उलटलं असतं, तो एक वाचायचा. दहा-बारा पानांचं नुकसान फार नाही. त्यातला एखादा तुम्हाला नव्या फळीपाशी नेतो.

पुस्तक बदलायला जाताना

जुन्या पद्धतीनं चालणाऱ्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो. तो वाचायला शिका. तीन-चार दिवसांच्या अंतरानं शिक्के पडलेले असतील तर पुस्तक झरझर वाचलं जातं. महिना-महिना अंतर असेल तर एक तर ते कुणी नेत नाही, नाहीतर नेणारे मुदत वाढवून वाचतात. दुसरी शक्यता असेल तर ग्रंथपालांना विचारा, कोण नेतं ते त्यांना बहुधा माहीत असतं.

परत देण्याआधी आपली चिठ्ठी काढून घ्या. पुढच्या बाजूला जुना प्रश्न असेल, मागे पानांचे आकडे, आणि बहुतेक वेळा सर्वांत खाली घाईघाईत लिहिलेला एक नवा प्रश्न, ज्याचं उत्तर या पुस्तकात नव्हतं. काउंटरवर ती चिठ्ठी समोर ठेवा आणि त्या विषयाची फळी कुठे आहे ते विचारा.