वेब सर्व्हर आणि डेटाबेस वेगळे करताय? नुसतं मशीन बदलून भागत नाही

वेबसाइट आणि धंद्याचा डेटाबेस एकाच मशीनवर असेल तर साइटच्या कोडमध्ये एक भोक सापडलं की आत शिरलेला माणूस थेट डेटाच्या फाइलींपर्यंत पोचतो, म्हणून वेगळं करायचं हे सगळ्यांना पटतं. पण मशीन दोन केली आणि मधला रस्ता सताड उघडा ठेवला तर काय उपयोग?

आधी डेटाबेसच्या मशीनला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) देऊच नका, 10 किंवा 192.168 ने सुरू होणारा प्रायव्हेट आयपी पुरतो. मग डेटाबेस कुठल्या आयपीवर ऐकतो, म्हणजे कनेक्शन घेतो, ते बघा, ही सेटिंग मायएसक्यूएलमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस आणि पोस्टग्रेसमध्ये लिसन-अ‍ॅड्रेसेस, तिथे फक्त तो प्रायव्हेट आयपी टाका. फायरवॉलमध्ये मायएसक्यूएलचा 3306 किंवा पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट फक्त वेब सर्व्हरच्या आयपीला उघडा, अख्ख्या सबनेटला (त्या नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना) नको. डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) चालवत असाल तर जास्त जपा, डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (लिनक्सवरच्या फायरवॉलच्या) नियमांना वळसा घालून बाहेर उघडा राहू शकतो आणि यूएफडब्ल्यू मात्र सगळं बंद दाखवत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेटाबेसचा पासवर्ड वेब सर्व्हरवरच पडलेला असतो, म्हणजे वेब सर्व्हर चोराच्या हाती गेला की तो पासवर्डही गेला असंच धरून चाला, आणि मग त्या युजरला काय काय करता येतं एवढाच प्रश्न उरतो. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, तर अजिबात वापरू नका, अ‍ॅपसाठी वेगळा युजर काढा, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट (वाचणं, भरणं, बदलणं) द्या, ड्रॉप (टेबलच उडवणं) नको. टेबलं बदलायला मायग्रेशनचा युजर वेगळा, आणि त्याचा पासवर्ड वेब सर्व्हरवर ठेवायचा नाही. पगार, हिशोब असला डेटा वेबसाइटला लागतच नसेल तर त्या डेटाबेसकडे जायचा रस्ताच नको. 2017 मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट कंपनीत हेच झालं, अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरच्या एका भोकातून चोर एका पोर्टलमध्ये शिरले, तिथे साध्या मजकुरात ठेवलेले पासवर्ड मिळाले आणि त्या पोर्टलशी संबंध नसलेल्या 48 डेटाबेसपर्यंत ते पोचले, का तर मधे भिंतच नव्हती.

दोन मशीनमधलं कनेक्शन टीएलएसवरच (एन्क्रिप्ट केलेलं) ठेवा. पीएचपीमायअ‍ॅडमिन हे ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं साधन वेब सर्व्हरवर नको, अ‍ॅडमिनचं काम एसएसएच टनेलमधून (एन्क्रिप्ट केलेल्या रिमोट लॉगिनमधून) करा.

शेवटी तपासणी, ही टाळू नका. बाहेरच्या नेटवर्कवरून एनमॅप या पोर्ट तपासायच्या साधनाने उघडे पोर्ट बघा, मग वेब सर्व्हरवर लॉगिन करून अ‍ॅपच्याच युजरने एक चाचणीचं टेबल ड्रॉप करून बघा, एरर आलीच पाहिजे. आणि जुन्या मशीनवरचा डेटाबेस, डंप फाइली (डेटाबेसमधून काढलेल्या नकला), बॅकअप नवीन जागी नीट पोचलेत याची खात्री करून तिथून पुसून टाका, ते हमखास विसरलं जातं.