टीडीएस कापलाय की, मग रिटर्न कशाला? फ्रीलान्सर आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी

मी सीए नाही, सीएंच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करतो, त्यामुळे जून लागला की सोसायटीतले, मित्र, बायकोच्या माहेरचे असे सगळ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच तेच असतात. पहिला नंबर कायम वरच्या प्रश्नाचा. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे नुसती लिंक पाठवता येईल. आकडे सगळे २०२५-२६ च्या कमाईचे आहेत.

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आपल्या पेमेंटमधून अंदाजपंचे कापून सरकारकडे भरलेला टॅक्सचा ॲडव्हान्स. क्लायंट प्रोफेशनल फीवर १० टक्के कापतो कारण कायद्यात १० लिहिलेत, तुमचा खरा टॅक्स शून्य निघतोय का लाखभर हे त्याला काय माहीत? तो हिशोब रिटर्नमध्येच होतो, जास्त कापला असेल तर परत, कमी असेल तर खिशातून.

माझ्या मावसबहिणीचंच सांगतो. ती इंटिरिअरची कामं घेते. वर्षाची फी १८ लाख, सगळी बँकेत, क्लायंट सगळे कंपन्या, त्यामुळे टीडीएस १ लाख ८० हजार. ती म्हणे "टॅक्स भरून झाला, सुटले." म्हटलं ताई थांब. तिला कलम ४४एडीए लागू होतं, म्हणजे एकूण फीच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या दाखवत बसायचं नाही. उत्पन्न धरलं ९ लाख. नव्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत) १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स माफी, आहे, सो टॅक्स शून्य आणि १ लाख ८० हजार अख्खे परत. रिटर्न भरलं नसतं तर ते सरकारकडेच पडून राहिले असते!

आता ही ४४एडीएची सोय सगळ्यांना नाही हां. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरिअरवाले, सिनेमातले कलाकार, आयटीवाले अशी ठरलेली यादी आहे. भाषांतर करणारे, यूट्यूबवाले यांचं नाव त्यात सरळ येत नाही, त्यांनी सीएला विचारूनच ठरवावं, मित्राने भरलं म्हणून आपणही भरलं असं करू नका. फीची मर्यादा ५० लाख, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४. पण शेअरमध्ये शॉर्ट टर्म नफा असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ लागतो, आणि त्या नफ्याच्या टॅक्सवर १२ लाखांचा रिबेटही मिळत नाही. इथे भरपूर लोक फसतात.

फॉर्म उघडायच्या आधी इन्कम टॅक्स पोर्टलवरून २६एएस (तुमच्या नावावर जमा टीडीएसची यादी) आणि एआयएस (तुमच्या व्यवहारांची सरकारकडे आलेली माहिती) डाउनलोड करा आणि आपल्या बिलांशी ओळ न् ओळ ताडून बघा. कंटाळा येतो, मान्य, पण नोटीस आली की त्याच्या दहापट कंटाळा येतो. एप्रिलमध्ये टीडीएस दिसला नाही म्हणून क्लायंटशी भांडू नका, जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला त्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनमध्ये बघा. तेव्हाही नसेल तर बहुतेक वेळा पॅन चुकलेला असतो. माझ्या स्वतःच्या एका साइड कामात क्लायंटच्या अकाउंटंटने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं, ३ महिने मेल करत होतो. त्यांनी दुरुस्त रिटर्न भरेपर्यंत आपल्याला क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे क्लायंटकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट, मागून घ्यायची सवय ठेवा. आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवा, टीडीएस फीवर कापायचा असतो, जीएसटीवर नाही.

बरं, कमाई जास्त आणि टीडीएस कमी कापलेला असेल तर उलटं होतं. समजा फी ३० लाख, उत्पन्न १५ लाख, टॅक्स सेससकट १ लाख ९ हजार २००, आणि टीडीएस कापला गेलाय फक्त ६ लाखांच्या फीवर, म्हणजे ६० हजार. उरलेले ४९ हजार २०० रिटर्नच्या वेळी भरू म्हणाल तर व्याज लागतं. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच आपण स्वतः भरायचा टॅक्स, भरायचा, ४४एडीएवाल्यांना एकच तारीख, १५ मार्च. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

दुकानदारांसाठी अशीच सोय कलम ४४एडीची. यूपीआय आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. ३६ लाखांची विक्री, त्यात २४ लाख यूपीआय, १२ लाख रोख, तर १ लाख ४४ हजार अधिक ९६ हजार, म्हणजे २ लाख ४० हजार. पण हा कमीत कमी आकडा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. टॅक्स नाही निघाला तरी रिटर्न भरा, उद्या दुकानासाठी लोन काढायला गेलात की बँकवाला पहिल्यांदा मागच्या २-३ वर्षांची रिटर्नच मागतो.

"यूपीआयवर आलेलं सगळं इन्कम धरतात का?" नाही हो. गोव्याच्या ट्रिपचे मित्रांनी दिलेले वाट्याचे पैसे म्हणजे काही कमाई नाही. पण धंदा आणि घर एकाच खात्यात चालवलंत तर ३ वर्षांनी तुम्हालाच सांगता येणार नाही कुठला पैसा कसला. वेगळं खातं काढा.

जीएसटी वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वर आणि फक्त माल विकणाऱ्यांना ४० लाखांच्या वर नोंदणी, आणि ही मर्यादा एकूण उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. म्हणजे वरचा ३० लाखवाला यात आला. परदेशी क्लायंटची डॉलरमधली बिलंही उलाढालीत धरतात, फक्त एलयूटी (जीएसटी पोर्टलवर द्यायचं हमीपत्र) दिलं की त्यावर जीएसटी भरावा लागत नाही.

महाराष्ट्रातले फ्रीलान्सर हमखास विसरतात तो प्रोफेशन टॅक्स. नोकरदारांचा पगारातून कापला जातो, आपला आपणच भरायचा, वर्षाला २,५००, नोंदणी असेल तर ३० जूनपर्यंत.

नोकरीवाल्यांसाठी एवढंच की वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (पगार आणि त्यावरच्या टीडीएसचं सर्टिफिकेट) घ्या, दुसऱ्या कंपनीला पहिल्या कंपनीचा पगार सांगितला नसेल तर स्लॅबचा फायदा दोनदा धरलेला असतो आणि रिटर्न भरताना अचानक टॅक्स निघतो.

रिटर्न सबमिट केलं की ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम आहे. बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट नसेल तर रिफंड अडकतो. आणि "तुमचा रिफंड मंजूर झालाय, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर हात लावू नका, पोर्टलवर लॉगिन करून बघा. ताईलाही आला होता, रिटर्न भरायच्या आधीच!