घरी मृत्यू झाल्यास पहिल्या काही तासांत काय करावे

घरी मृत्यू झाला की बहुतेक कुटुंबे आधी नातेवाइकांना फोन करतात. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की पहिला फोन डॉक्टरांना करावा. मृत्यूची खात्री करून कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, तेच देतात आणि शहरांत त्याशिवाय दहनाचा पास मिळत नाही. ज्यांनी रुग्णाला कधी तपासलेले नाही असे डॉक्टर हा दाखला देण्यास कचरतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असल्यास नेहमीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असल्यास देह न हलवता पोलिसांना कळवावे.

नैसर्गिक मृत्यूची खात्री झाल्यावर पापण्या अलगद मिटवाव्यात, कवळी बसवावी, हनुवटीखालून मऊ कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर सैल गाठ मारावी, हातपाय सरळ करावेत आणि अंगठ्या तेव्हाच काढून घ्याव्यात. साधारण दोन ते चार तासांत देह ताठरू लागतो. मग आंघोळ घालताना आणि तिरडीवर ठेवताना ओढाताण होते, ती घरच्यांना बघवत नाही. नेत्रदान करायचे असल्यास पंखा बंद करून डोक्याखाली उशी द्यावी, पापण्यांवर ओला कापूस ठेवावा आणि नेत्रपेढीला लगेच कळवावे, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. छातीत पेसमेकर असल्यास तो डॉक्टरांकडून काढून घेतल्याशिवाय दहन करू नये. उष्णतेने त्याचा स्फोट होतो. परगावचे आप्त येईपर्यंत थांबायचे असेल, तर शीतपेटी मागवावी किंवा देह शवागारात ठेवावा.

पासाचा अर्ज सहसा शेजारी किंवा भाचा-पुतण्या घाईत भरतो, आणि तिथे ‘बाळासाहेब’, ‘ताई’ अशी घरातली नावे लिहिली जातात. मृत्यूची नोंद त्यावरूनच होत असल्याने मृताचे नाव आधार कार्डावर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह लिहावे; बँक, विमा आणि निवृत्तिवेतनाच्या कामांत एका अक्षराचा फरकही महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावतो. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ही नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. ती झाल्याची खातरजमा करून मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात.