वीजजाळ्याच्या प्रस्तावावर हरकत कशी नोंदवावी

नवे उपकेंद्र, उच्चदाब वाहिनी किंवा भूमिगत केबल यांवर हरकती-सूचना मागवल्या की बहुतेकजण आधी नकाशा उघडतात. त्याआधी सूचनापत्रात तीन गोष्टी शोधा: शेवटची तारीख, अभिप्राय नेमका कशावर हवा आहे आणि काय आधीच ठरले आहे. मार्ग ठरून फक्त मनोऱ्यांच्या जागांबद्दल विचारणा असेल, तर मार्गावर लिहिलेली चार पाने कोणी वाचत नाही. लोकसहभाग सर्व पर्याय खुले असतानाच सुरू व्हावा, अशी तरतूद पर्यावरणविषयक निर्णयांत लोकांच्या सहभागाबद्दलच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय आर्हुस करारात आहे. तुमचा देश त्यात सामील असेल, तर उशिरा झालेल्या विचारणेवर हा मुद्दा सर्वांत आधी मांडा. वीजदर आणि मीटरच्या तक्रारी मात्र इथे आणू नका, त्या विषयाबाहेरच्या म्हणून बाजूला पडतात आणि सोबतच्या चांगल्या मुद्द्यांचेही वजन घटवतात.

सर्वाधिक वेळ गरजेच्या आकड्यांना द्या. मागील पाच वर्षांची महिनावार कमाल मागणी, प्रत्येक रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता आणि मागणीवाढीचा गृहीत दर लेखी मागा. उपकेंद्रात १० एमव्हीएची (मेगाव्होल्ट-अँपिअर, रोहित्राची क्षमता मोजण्याचे एकक) दोन रोहित्रे असली, तरी खात्रीची क्षमता २० नव्हे, १० धरतात, कारण एक बंद पडल्यास दुसऱ्याने सगळा भार पेलायला हवा. समजा आजची कमाल मागणी ८ एमव्हीए आहे. वाढ वर्षाला ६ टक्के धरली, तर चार वर्षांच्या आत १० ची मर्यादा ओलांडली जाते. ३ टक्के धरली, तर साधारण साडेसात वर्षे मिळतात. म्हणून हा दर कशावरून काढला, ते विचाराच: मंजूर झालेली घरे, वाहनांची चार्जिंग केंद्रे, कारखान्यांचे अर्ज, की नुसता अंदाज? छतावरच्या सौरविजेचा हिशेब दाखवला असेल, तर कमाल मागणीची वेळ तपासा. ती सूर्यास्तानंतरची असेल, तर बॅटरीशिवाय सौरवीज तिथे कामाची नाही. आकडे तपासून प्रस्ताव योग्यच वाटला, तर तसे लिहा आणि सगळा जोर जागा व अटींवर लावा. सरसकट नकारापेक्षा अशा पत्राचा परिणाम जास्त होतो.

पर्यायांमध्ये पहिला प्रश्न जुन्याच मनोऱ्यांवर तारा बदलण्याचा. पोलादी गाभ्याची नेहमीची ॲल्युमिनियम तार साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालवतात. उष्णता सोसणारी, कमी झोलाची तार १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर चालते आणि जवळपास दुप्पट प्रवाह नेऊ शकते. अडचण अशी की तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) तोच असताना प्रवाह दुप्पट झाला की ऊर्जेची गळती चौपट होते. त्यामुळे हा उपाय वर्षातले थोडेच तास जादा भार असतो तिथे शोभतो.

‘सगळे जमिनीखाली घाला’ ही मागणी मात्र जपून करावी. वारा आणि झाडांच्या फांद्यांचा त्रास टळतो, पण उच्चदाबाला खर्च कित्येक पटींनी वाढतो, बिघाड शोधून दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो आणि केबलच्या पट्ट्यात खोल मुळांची झाडे किंवा बांधकाम चालत नाही. लांबलचक एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) केबलमध्ये तिच्या स्वतःच्या धारितेसाठीच, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणधर्मापायीच, बराच प्रवाह खर्ची पडतो. वस्तीलगतच्या ठरावीक तुकड्यापुरती मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

तारा आणि केबलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राबद्दल ‘कर्करोग होतो’ असे ठोकून देऊ नका. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्रांना ‘संभाव्य’ कर्करोगकारक म्हणजे २बी गटात ठेवले आहे, तर आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य लोकांसाठीची २०१० ची संदर्भपातळी ५० हर्ट्‌झला २०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आहे. सर्वांत जवळच्या घरापाशी, कमाल प्रवाह असताना काढलेला आकडा मागा. केबलच्या थेट वर क्षेत्र तारांखालच्यापेक्षा जास्त असू शकते, पण बाजूला सरकताच ते झपाट्याने उतरते.

रोहित्राचा घुमणारा आवाज पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारितेचा असतो, म्हणजे ५० हर्ट्‌झला १०० हर्ट्‌झ. नेहमीच्या डेसिबल-ए मापनात (यात खालच्या पट्टीच्या आवाजाला कमी वजन देतात) असा खर्जातला आवाज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून रात्रीची पार्श्वभूमी धरून आणि एकसुरी आवाजाची वेगळी भर घालून केलेले मापन मागा. तेल गळल्यास ते अडवणाऱ्या हौदात संपूर्ण तेल आणि वर पावसाचे पाणी मावते का, हेही पाहा.

आता लेखन. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्यात जागा, परिणाम, पुरावा आणि मागणी. उदाहरणार्थ: ‘पत्रक ४, मनोरा १७. हा मनोरा ओढ्याच्या पूररेषेत आहे. सोबत पुराच्या वेळचे छायाचित्र. मनोरा पूररेषेबाहेर हलवावा, किंवा पाया तिथे का टिकेल याची गणिते द्यावीत.’ नकाशाची आवृत्ती आणि तारीख लिहायला विसरू नका. आवृत्ती बदलली की मनोऱ्यांचे क्रमांकही बदलू शकतात. एकाच मजकुराची शंभर पत्रे आली तरी मुद्दा एकच धरला जातो. तेव्हा विषय वाटून घ्या: कोणी रस्ते पाहावेत, कोणी झाडे, कोणी आवाज.

सुनावणीत वेळ थोडा मिळतो. तोंडी दोनच मुद्दे मांडा, बाकीचे लेखी देऊन पोच घ्या आणि इतिवृत्तात आपले म्हणणे बरोबर आले आहे का ते वाचा. नंतर हरकतनिहाय उत्तरांचा तक्ता मागा. समोर फक्त ‘नोंद घेतली’ असे दिसले, तर त्या मुद्द्याचा क्रमांक देऊन ‘मान्य की अमान्य, आणि कोणत्या कारणाने’ एवढेच विचारणारे पत्र अंतिम मंजुरीपूर्वी पाठवा.