उंची अजून वाढणार का, हे कसं ओळखायचं

‘सोळावं सरलं, आता कसली उंची वाढतेय!’ हे वाक्य कधी खरं ठरतं, कधी साफ चुकतं. हाडांचं घड्याळ वाढदिवसावर चालत नाही. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीची, एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे नव्या पेशी तयार होत राहतात, त्यांचं हाड बनतं आणि हाड लांबतं. वयात येताना वाढणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) आधी या वाढीला जोर देतं आणि शेवटी तेच ही पट्टी बुजवतं. मुलग्यांतही हेच घडतं, कारण त्यांच्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो. १९९४ साली एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याचं शरीर इस्ट्रोजेनला दादच देत नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांचं वय (एक्स-रेत हाडं किती परिपक्व दिसतात त्यावरून ठरणारं) १५ वर्षं, आणि गडी अजून वाढतच होता!

तेव्हा प्रश्न एवढाच, की पट्टी उघडी आहे की बुजली. आणि तो सोडवायला आधी एक्स-रे नव्हे, भिंत लागते.

पाय अनवाणी, केसांचा बुचडा सोडलेला, टाचा जोडून भिंतीला टेकलेल्या. कुल्ले आणि खांदेही भिंतीला. हनुवटी वर उचलायची नाही. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवायचं, पण त्याची एक बाजू भिंतीला सपाट भिडलेली हवी. पुस्तक जरा कललं की अर्धा-एक सेंटिमीटर उगाच वाढतो किंवा घटतो. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, म्हणून स्टीलची टेप घ्यावी. तीनदा मोजून सरासरी काढावी. मोजायची वेळ नेहमी एकच ठेवावी, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. रोज मोजण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी एकदा पुरे. वेग काढताना किमान सहा महिन्यांचं अंतर धरा, वर्षाचं असेल तर उत्तम.

समजा, एका मुलाची उंची १६५.८ होती, सहा महिन्यांनी १६७.० झाली. वाढ १.२, म्हणजे वर्षाला २.४ सेंटिमीटर. वाढीचा सर्वांत मोठा झपाटा असतो तेव्हा मुलगे वर्षाला ९-१० आणि मुली ८ सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. त्या मानाने हा मुलगा उताराला लागला आहे, पण थांबलेला नाही. वेग वर्षाला एक सेंटिमीटरच्याही खाली गेला की वाढ जवळजवळ संपली असं धरायला हरकत नाही.

हा आकडा एकटा वाचला की मात्र फसगत होते. वयात येण्याआधीही काही काळ वेग मंदावतो. ज्या मुलाचा आवाज फुटलेला नाही, मिसरूडही नाही, त्याचा मंद वेग म्हणजे शेवट नव्हे. त्याचा झपाटा पुढे आहे. उलट रोज दाढी करावी लागणाऱ्या मुलाचा तोच वेग म्हणजे शेवटचा टप्पा. मुलींमध्ये पहिली पाळी येते तेव्हा झपाटा ओसरलेला असतो. त्यानंतर साधारण दोन वर्षांत सहसा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढ उरते. पाळी लवकर आली असेल तर थोडी जास्त, उशिरा आली असेल तर कमी. बुटाचा नंबर वर्षभर बदलला नाही म्हणून निराश होऊ नये. पावलं आधी थांबतात, मग पाय, आणि पाठीचा कणा सगळ्यात शेवटी.

एवढ्यावर उत्तर मिळालं नाही तर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे. उघडी पट्टी त्यात हाडाच्या दांड्याला टोकापासून तोडणाऱ्या काळ्या फटीसारखी दिसते. बुजली की तिथे फार तर बारीक पांढरी रेघ उरते. बोटांच्या पट्ट्या मनगटाआधी बुजतात, म्हणून बोटं पाहून ‘संपलं’ म्हणणं घाईचं. हाडांचं वय मुलीचं १४ किंवा मुलाचं १६ निघालं तर साधारण ९८ टक्के उंची झालेली असते. वरच्या मुलाचं ते १६ निघालं, तर १६७ भागिले ०.९८, म्हणजे सुमारे १७०. यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच.

आईवडिलांच्या उंचीवरूनही पडताळा घेता येतो. दोघांची उंची मिळवायची, मुलासाठी १३ वाढवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. वडील १७२, आई १५८ असतील तर मुलाचा आकडा १७१.५. दोन्ही बाजूंना साडेआठ सेंटिमीटरची सूट धरतात, त्यामुळे याला भविष्य समजू नये.

पट्टी उघडी असेल तोवर हातात काय आहे? ८ ते १० तास झोप, पोटभर जेवण, दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. याने उंची ‘वाढत’ नाही, जी व्हायची ती अडत नाही, एवढंच. या वयात वजन घटवायला उपाशी राहणं सगळ्यात महागात पडतं. बारला लटकून मिळालेली उंची चालू-फिरू लागल्यावर जाते. उंची वाढवणाऱ्या पावडरी म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. व्यायामशाळेतली स्टेरॉइड्स त्याहून घातक, ती इस्ट्रोजेनमध्ये बदलून पट्टी लवकर बुजवतात. नीट शिकून वजन उचलल्याने मात्र उंची खुंटत नाही. ही भीती उगाच पसरली आहे. पट्टी बुजल्यावर ग्रोथ हार्मोन घेतलं तर उंची वाढत नाही, हात, पावलं आणि जबडा रुंदावतो.

मुलीला १३ पर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही किंवा १५ पर्यंत पाळी आली नाही, मुलाच्या अंडकोषांची वाढ १४ पर्यंत सुरू झाली नाही, किंवा पट्टी बुजण्याआधीच वेग एकाएकी पडला, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. थायरॉइडची कमतरता किंवा सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणं) वेळेत सापडला तर उरलेली वाढ हाती लागते, पट्टी बुजल्यावर सापडला तर नाही. जाताना जुन्या उंचीच्या जेवढ्या नोंदी असतील तेवढ्या न्याव्यात. दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणाही चालतात, शेजारी तारीख लिहिलेली असेल तर.