हाक्का घरचा लग्नातला चहा: मराठी वऱ्हाडासाठी तयारी

होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, ‘सकाळी चहा आहे’, तर तो कांदेपोह्यांबरोबरचा चहा समजू नका. हाक्का हा एक चिनी समाज; त्यांच्या घरात लग्न खऱ्या अर्थाने लागतं ते या चहाने. नवरा-नवरी गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना पेला देतात, नात्याने हाक मारतात. समोरच्याने घोट घेतला की नवी सून किंवा जावई घरचा झाला. भारतातली बहुतेक हाक्का कुटुंबं मूळची चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइशिएन भागातली. कोलकात्याच्या टांग्र्यात ती चामड्याच्या धंद्यात स्थिरावली आणि तिथून काही मुंबईत आली. त्यामुळे घराघरात थोडा फरक असतोच. खालचं सगळं ठरवण्याआधी त्यांच्या घरातल्या सर्वांत जुन्या बाईला एकदा विचारून घ्या.

तारीख. चिनी पंचांगातला सातवा महिना पितरांचा, त्यात लग्न करत नाहीत. तो बहुधा आपल्या श्रावणाच्या आसपास येतो. आपला चातुर्मास असल्याने भांडण नाही. अडचण एप्रिलची. 4-5 एप्रिलच्या सुमारास छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई आणि पूजा. आपल्याकडे तेव्हा मुहूर्त असले तरी ते दिवस सोडा. एकाच आडनावात लग्न करायचं नाही हा जुना दंडक मात्र सगोत्राच्या नियमामुळे मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

यादी. खरं काम इथे आहे आणि घोळही इथेच होतो. साधारण क्रम असा: नवऱ्याचे आजी-आजोबा, मग आई-वडील (काही घरांत हे आधी), मग काका-काकू, आत्या, मामा-मावशी, शेवटी लग्न झालेली मोठी भावंडं. वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना हाक वेगळी असते, म्हणून धाकट्या काकांना आधी बसवलं तर मोठे काका फोटोत हसतील, पण पुढची दहा वर्षं विसरणार नाहीत. मानपान आपल्याला नवा नाही; इथे तो रांगेत दिसतो, एवढंच. आदल्या दिवशी यादी कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावापुढे हाक मारायचा शब्द देवनागरीत लिहून नवरीकडून घोकून घ्या. धाकटी भावंडं उलट नवरा-नवरीला चहा देतात आणि त्यांच्याकडून पैशांचं लाल पाकीट घेतात. त्यांच्यासाठीची पाकिटं आधी भरून ठेवली नाहीत तर ऐनवेळी धावपळ होते.

चहा. दूध नाही. बारा लहान पेल्यांसाठी एक लिटर पाणी, चोवीस वाळवलेली लाल चिनी बोरं (बी काढून) आणि मूठभर खडीसाखर मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. आच बंद करून दोन चमचे चहापत्ती घाला आणि तीन मिनिटांत गाळा. जास्त ठेवलीत तर कडू होतो आणि आजोबा घोटावरच थांबतात. थर्मासमध्ये भरा. पेल्यात दोन बोरं, चहा पाऊण पेला. काठोकाठ भरलात तर शालूवर सांडणार. बोरांऐवजी खजूर घालू नका, चहा गढूळ होतो. बोरं मिळाली नाहीत तर साधा गोड चहाही चालतो. हाक्का लोकांचा म्हणून एक कुटलेला, शेंगदाणे-तीळ घातलेला चहा प्रसिद्ध आहे, त्याचा इथे संबंध नाही.

ट्रे धरायला एखादी सवाष्ण उभी करा. पेला दोन्ही हातांनी द्यायचा. गुडघ्याखाली जाड उशी ठेवा, नऊवारीत वीस वेळा खाली-वर होणं सोपं नाही.

पाकीट. आपली 101 आणि 501 ची सवय इथे नडते. आनंदाच्या प्रसंगी त्यांना सम आकडा लागतो. शंभरावर एक रुपया ही दक्षिण चीनकडे अंत्यविधीच्या पाकिटाची रीत. बाजारातल्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, तेही नको. साधं लाल पाकीट घ्या, नव्या नोटा घाला: 200, 600, 800, 1,200. 400 कधीच नाही, चार हा आकडा त्यांच्याकडे अशुभ. पांढरं पाकीट तर हातातही धरू नका. मिळालेली पाकिटं ट्रेवर तशीच राहू द्यावीत. तिथेच उघडून वहीत लिहायला बसू नये.

आहेरात भिंतीवरचं घड्याळ, सुऱ्यांचा संच, चार पेल्यांचा सेट टाळा. सहाचा सेट उत्तम.

गजरा. हे कुणी सांगत नाही. केसात पांढरं फूल माळणं हे तिकडे सुतकाचं लक्षण. नुसता मोगरा माळून आलेली करवली पाहून त्यांच्या आजी गप्प होतात. अबोली घ्या, किंवा मोगऱ्यात लाल गुलाब गुंफून घ्या. पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा चुडा बिनधास्त चालतो.

गोड गोळे. चहानंतर जोडप्याला पाकात सोडलेले तांदळाचे गोळे देतात. मोदकाचं पीठ इथे चालत नाही: त्याची उकड उकळत्या पाण्यात सुटते. चिकट तांदळाचंच पीठ हवं, ते क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी जिन्नस विकणाऱ्या दुकानांत विचारा. 200 ग्रॅम पिठाला साधारण 170 मिली कोमट पाणी, थोडं थोडं घालत मळा. त्यातला लिंबाएवढा गोळा काढून उकळा, तरंगला की उरलेल्या पिठात मळून टाका. याने कडा तडकत नाहीत. अर्ध्या पिठाला बिटाचा रस लावून गुलाबी करा. सुपारीएवढे साधारण तीस गोळे होतात. उकळत्या पाण्यात सोडून तळाला चिकटू नयेत म्हणून एकदा हलवा. वर आले की आणखी मिनिटभर थांबून खडीसाखर-आल्याच्या पाकात टाका. वाटीत सहा किंवा आठ, गुलाबी-पांढरे जोडीने. आधी करून ठेवलेत तर घट्ट होतात, म्हणून वळून ओल्या फडक्याखाली ठेवा आणि शेवटचे काका चहा घेत असताना पाण्यात सोडा.