नास्तिक भावाला देव पटवायचा असेल तर

माझा थोरला भाऊ कराडला हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. घरात तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ सगळं, आणि हा एकटा पक्का नास्तिक. मी त्याला देव पटवायला लागले त्याला तीस वर्षं झाली. अजून पटलेला नाही. मग सल्ला द्यायला ही कोण, असं कुणी म्हणेल. पण काय केलं की तो आणखी चार पावलं लांब जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. काय केलं की जवळ सरकतो, तेही हल्ली थोडंफार कळायला लागलंय.

चमत्कारापासून सुरुवात करू नका. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. मी तेव्हा माहेरी होते. देवळातल्या रांगेत तास घालवून आले आणि म्हटलं, "दादा, माझ्या हातून प्यायला." तो काही बोलला नाही. पाट्यावरचा वरवंटा उचलला, ओल्या फडक्यानं पुसला, ताटलीत उभा केला. दुधात चिमूटभर कुंकू कालवलं, चमचा काठोकाठ भरला आणि वरवंट्याला टेकवला. दूध हळूहळू कमी झालं. "बघ, हाही प्यायला." मग बोट दाखवलं. चमच्याच्या टोकापासून खालपर्यंत दगडावर लाल ओघळ, आणि ताटलीत लाल थारोळं. पातळ पसरलेलं पांढरं दूध नजरेत भरत नाही, कुंकवाचं भरतं. पृष्ठताण वगैरे त्यानं नंतर समजावलं, पण माझं तोंड त्या ओघळानंच बंद झालं होतं. आई चिडली ती कुंकू वाया घालवलं म्हणून.

धाक तर दाखवूच नका. वहिनीचं ऑपरेशन चालू असताना एका नातेवाइकानं वॉर्डाबाहेर दादाला ऐकवलं, "देव मानत नाहीस ना, त्याचं हे." वहिनी बरी झाल्यावर तेच म्हणाले, "आम्ही नवस बोललो होतो म्हणून." दादा दोन वर्षं त्यांच्या दारात गेला नाही. मीही गेले नाही.

वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारा: तू नेमका कुठला देव मानत नाहीस? मला हे सुचायला पंधरा वर्षं लागली. दादानं यादीच दिली. नारळ घेऊन काम करून देणारा देव नको. पत्रिका बघून कोप करणारा नको. ज्याच्या दारात जायला नाशिकला १९३० साली काळारामापुढे सत्याग्रह करावा लागला आणि पंढरपूरला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तो तर नकोच. मी ऐकत गेले आणि लक्षात आलं, यातले बरेचसे देव मलाही नको आहेत. तसं त्याला सांगून टाकलं. त्या दिवशी पहिल्यांदा आमची चर्चा भांडण न होता जेवणापर्यंत टिकली.

त्यानं मला एक गोष्टही शिकवली. आपल्याकडे नास्तिक म्हणजे मुळात वेद न मानणारा. मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे जुने तत्त्वज्ञ, वेद मानतात म्हणून आस्तिक, पण जग घडवणारा ईश्वर त्यांना लागत नाही. तेव्हा "आपल्या संस्कृतीत असले विचार नव्हते" हे वाक्य नास्तिकापुढे टाकू नका, तोंडघशी पडाल.

युक्तिवाद करायचाच असेल तर तयारीनं करा. आपल्या नैयायिकांचा, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या पंडितांचा, कुंभाराचा दाखला चांगला आहे: मडकं आहे तर कुंभार असणार, जग आहे तर कर्ता असणार. हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ईश्वराच्या बाजूनं अशा युक्तिवादांची मोठी मांडणी केली. दादाचं उत्तर ठरलेलं: "कुंभार मडकं घडवताना आपण पाहिलाय. जग घडताना कोण हजर होतं?" मग मी अँटनी फ्लू काढला. हा इंग्लंडचा तत्त्वज्ञ जन्मभर निरीश्वरवादी. २००४ साली, ऐंशी उलटल्यावर, त्यानं जाहीर केलं की जगामागे काही बुद्धी असावी असं आता वाटतं. डीएनएची गुंतागुंत हे त्याचं एक कारण होतं. दादा गप्प झाला, मला वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी वाचून आला. "तुझ्या फ्लूचा देव प्रार्थना ऐकत नाही आणि मेल्यानंतरचं आयुष्यही देत नाही. चालेल तुला?" मला नाही चालत. निव्वळ युक्तिवादानं माणूस तिथवर पोचला तरी विठोबा अजून बराच लांब राहतो, हे धरून चाला.

पास्कल या फ्रेंच गणितज्ञाची पैजही सांगून पाहिली. देव मानला आणि निघाला तर सगळं मिळालं, नाही निघाला तर फारसं काही गेलं नाही. दादा हसला. "आणि पलीकडे दुसऱ्याच धर्माचा देव बसलेला निघाला तर?" पण त्याच पास्कलनं पुढे सांगितलंय की विश्वास येत नसेल तर श्रद्धावान माणसं करतात ते करायला लाग. हे मला कामाचं वाटलं. त्याकडे येतेच.

त्याआधी किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीची जाड भिंतींची घरं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दादा शाळेच्या मदतीच्या ट्रकबरोबर गेला होता. एका घराच्या ढिगाऱ्यात कोनाड्यातला देव्हारा शाबूत निघाला, समईसकट. बघणारे हात जोडू लागले. त्याच ढिगाऱ्यातून मग लहान मुलीला काढलं. ती गेली होती. दादानं हे मला फार वर्षांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. तुमच्या नास्तिकाकडेही असं एखादं किल्लारी असेल. ते सांगितलं तर "मागच्या जन्मीचं कर्म" किंवा "त्याच्या मनात काही असेल" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. त्यानं भाजीचं ताट खाली ठेवलं आणि उठून गेला. अशा वेळी माहीत नाही म्हणावं. खरंच माहीत नसतं.

आता पास्कलचं दुसरं वाक्य. बोलावणं करा, पण देवासाठी नाही, कामासाठी. माझं सासर फलटणचं. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते तेव्हा वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दादाला म्हटलं, "दिंडीला पाणी वाटायला माणूस कमी आहे, दोन दिवस ये." आला. ड्रम भरले, चपलांचे तुटलेले अंगठे शिवून दिले, एका म्हाताऱ्याच्या पायाचे फोड धुतले. टाळ घे म्हणून मी आग्रह केला नाही, फोटोही काढला नाही. पुढच्या वर्षी न बोलावता आला. दर्शनाला रांगेत लावायचा मोह मला झाला होता, पण आवरला.

गेल्या आषाढीत एक माळकरी आजी पाणी पिऊन "माउली" म्हणत वाकली आणि थेट त्याच्या पायांना हात लावला. दादा गडबडला. मग तोही वाकला आणि तिच्या भेगाळलेल्या पायांना हात लावून डोक्याला लावला. रात्री मी सहज विचारलं, "आज नमस्कार कुणाला केलास?"

"त्या आजींना," तो म्हणाला. "तुला काय वाटलं?"

"तेच," मी म्हटलं, आणि सकाळी टँकर किती वाजता येणार ते विचारलं.